पुराचें पाणी आणि विम्याचा कागद

सांगलीस पावसाळ्यांत सकाळीं उठल्याबरोबर घरोघर दोन प्रश्न विचारले जातात. कोयनेंतून किती पाणी सोडलें, आणि आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी किती फुटांवर आलें? पुलापाशीं पाणी ४० फुटांवर आलें म्हणजे इशारा समजावयाचा आणि ४५ फुटांवर आलें म्हणजे धोका. इ. स. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत हें पाणी ५७ फुटांच्याहि वर चढलें आणि कित्येक घरांचे तळमजले दिवसचे दिवस पाण्याखालीं राहिले. ही कहाणी एकट्या सांगलीची नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या पेठांत मुठेचें पाणी शिरलें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईचीं उपनगरें जलमय झालीं. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीनें चिपळूणची बाजारपेठ बुडविली.

पाणी येतें त्या दिवशीं माणसें जीव वांचविण्याच्या घाईंत असतात, आणि तेंच योग्य आहे. परंतु पाणी ओसरल्यावर घरधन्यापुढें जो प्रश्न उभा राहतो तो मोठा कठीण असतो. चिखलानें भरलेल्या घरांत उभे राहून त्यास आपल्या संसाराची किंमत मांडावयाची असते. ज्यानें घराचा विमा उतरविला आहे त्यास ही किंमत कागदावर, पुराव्यासह आणि ठराविक मुदतींत मांडावी लागते. हें काम नीट झालें तर घर पुन्हा उभें राहतें. तें हातून बिघडलें तर वर्षानुवर्षें भरलेले हप्ते असून नसल्यासारखे होतात.

प्रथम एक भेद ध्यानांत घेणें अवश्य आहे. पूर ओसरला कीं तलाठी येऊन पंचनामा करतो. त्या पंचनाम्यावरून सरकार जें देतें तें साहाय्य होय. तें शासनाच्या नियमांनीं ठरलेलें असतें आणि विमा नसलेल्या कुटुंबासहि मिळतें. विम्याची गोष्ट निराळी. विमा हा करार आहे. घरधन्यानें हप्ता भरावयाचा, आणि ठरलेलें संकट ओढवल्यास कंपनीनें ठरलेल्या रीतीनें नुकसान भरून द्यावयाचें. म्हणून कंपनीपाशीं भरपाई मागणारा गृहस्थ कोणाच्या दारीं याचना करीत नसतो. त्याचबरोबर, करार असल्यामुळें त्याच्यावरहि कांहीं बंधनें असतात. तीं पाळल्यावांचून त्याचा हक्क पुरा होत नाहीं. अनेक जण पंचनामा झाला म्हणजे विम्याचेंहि काम झालें असें समजून स्वस्थ बसतात. पंचनाम्याची नक्कल पुरावा म्हणून उपयोगी पडते, परंतु कंपनीला कळविण्याचें काम ती करीत नाहीं.

हें सर्व कसें घडतें तें समजण्यासाठीं एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. कृष्णेपासून फार दूर नाहीं अशा एका आळींत एक निवृत्त शिक्षक आपल्या पत्नीसह राहतात. आळींत त्यांना सारे मास्तर म्हणतात. घर एकमजली, स्वतःचें. बांधलें तेव्हां बँकेचें कर्ज घेतलें होतें आणि त्या कर्जाबरोबर विमाहि आला होता. कर्ज फिटलें तसा तो विमाहि संपला. पुष्कळ घरांत ही गोष्ट कोणाच्या ध्यानींमनीं येत नाहीं, आणि विमा चालूच आहे अशा समजुतींत पावसाळे निघून जातात. मास्तरांनीं मात्र कर्ज फिटल्यावर स्वतः जाऊन नवी पॉलिसी घेतली.

त्यांनीं घेतलेली पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ या नमुन्याची आहे. अग्निविम्याचा व्यवहार करणाऱ्या सर्व सामान्य विमा कंपन्यांनीं १ एप्रिल २०२१ पासून हा नमुना देऊं करावा असें विमा नियामक प्राधिकरणानें ठरवून दिलें. आग, वीज, भूकंप, वादळ, दरड इत्यादिकांबरोबर पूर आणि जलप्रलय यांचाहि तींत अंतर्भाव असतो. विम्याची रक्कम ठरवितांना घराचा बाजारभाव पाहत नाहींत. जमीन पुरानें वाहून जात नाहीं, तेव्हां तिची किंमत विम्यांत धरावयाची नसते. घराचें क्षेत्रफळ आणि तसेंच घर पुन्हा बांधण्याचा दर यांचा गुणाकार करावयाचा. समजा, मास्तरांच्या घराचें क्षेत्र ८० चौरस मीटर आहे आणि बांधकामाचा दर चौरस मीटरला २५,००० रुपये धरला. म्हणजे इमारतीची रक्कम २० लाख झाली. इमारतीसह सामानाचा विमा घेतला असतां सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, परंतु १० लाखांपेक्षां अधिक नव्हे, एवढें संरक्षण आपोआप मिळतें. येथें तें ४ लाख होईल. ज्यांच्या घरीं याहून अधिक सामान आहे त्यांनीं यादी देऊन रक्कम वाढवून घ्यावयाची असते.

या नमुन्यांत आणखी एक सोय आहे, तिचें महत्त्व जुन्या पॉलिसींशीं तुलना केल्यावर कळतें. जुन्या प्रकारच्या पॉलिसींत ‘सरासरीचें कलम’ असे. वीस लाखांच्या घराचा विमा दहाच लाखांचा उतरविला, तर घरधनी अर्ध्या जोखमीचा स्वतःच विमेदार आहे असें धरीत, आणि नुकसान एक लाख ऐंशीं हजारांचें झालें तरी हातीं नव्वद हजारच येत. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसींत हें कलम घरधन्याच्या डोक्यावरून उचललें आहे. तथापि दुसऱ्या कोणत्याहि पॉलिसींत तें असूं शकतें. तेव्हां आपल्या कागदांत तें आहे कीं नाहीं, हें पाणी येण्यापूर्वींच पाहून ठेवावें.

आतां पाणी येतें. मध्यरात्रीं भोंगा वाजतो, आळींत हांकाटी होते. मास्तर व त्यांच्या पत्नी कपडे, औषधें आणि कागदांची पेटी घेऊन उंचावरच्या शाळेंत जातात. निघण्यापूर्वीं हातीं असलेल्या तासाभरांत त्यांनीं विजेचा मुख्य खटका बंद केला, तांदळाचे डबे माळ्यावर चढविले, शिवणयंत्र पलंगावर ठेवलें. हें शहाणपण तर खरेंच, पण पॉलिसीची अटहि तशीच आहे. विमा आहे म्हणून सामान पाण्यावर सोडून द्यावें असें चालत नाहीं. विमा नसता तर माणूस जेवढी काळजी घेता, तेवढी विमा असूनहि घ्यावयाची असते. मात्र त्या काळजीपायीं जीव धोक्यांत घालावा असें कोणताहि करार सांगत नाहीं.

पांचव्या दिवशीं पाणी उतरतें. घराचें दार फुगलेलें असतें, तें खांद्यानें लोटून उघडावें लागतें. आंत घोट्याएवढा चिखल आणि श्वास कोंडणारी दुर्गंधि. पलंग उलटा झालेला, गाद्या पाणी पिऊन दगडासारख्या जड झालेल्या, पुस्तकांच्या कपाटाचें दार सुटलेलें. भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ चारी बाजूंनीं फिरली आहे. वडिलांचा मिरजेचा तंबोरा कोपऱ्यांत आडवा पडला आहे, आणि त्याचा भोपळा चिरला आहे.

मास्तरांच्या पत्नी पदर खोंचून म्हणतात, “अहो, आधीं या गाद्या रस्त्यावर टाकूं या. या वासांत क्षणभर उभें राहवत नाहीं. शेजारच्यांनीं सारें टाकलेंसुद्धां.”

मास्तर म्हणतात, “टाकूं, पण थोडा दम धर. हें सारें जसें आहे तसें आधीं टिपून घेऊं. एकदां कचऱ्याची गाडी घेऊन गेली कीं आपल्या घरांत गाद्या होत्या हें कोणाला कसें दाखवावयाचें?”

दोघांचेंहि म्हणणें बरोबर असतें. ओला कापूस व सडलेलें धान्य घरांत ठेवणें आरोग्यास घातक, आणि पुरावा न ठेवतां तें फेंकणें दाव्यास घातक. यांतून वाट एकच. हलविण्यापूर्वीं प्रत्येक खोलीचीं छायाचित्रें घ्यावयाचीं. प्रथम दारांतून सबंध खोली, मग प्रत्येक भिंत, मग एकेक वस्तु. भिंतीवरील पाण्याची रेघ मोजपट्टी लावून टिपावयाची. पाणी किती चढलें याचा तिच्याइतका बोलका साक्षीदार दुसरा नाहीं. यंत्रांच्या पाठीवर कंपनीचें नांव व क्रमांक असलेली जी पट्टी असते तिचें निराळें चित्र घ्यावयाचें. मग जें सडणारें व अपायकारक असेल तें बाहेर काढावें. गादीच्या कापडाचा तुकडा, सतरंजीचा कोपरा असे नमुने ठेवून घ्यावे. जें सडत नाहीं तें, मोडलें असलें तरी, पाहणी होईपर्यंत जागेवर किंवा अंगणांत राखून ठेवावें. बुडालेलें विजेचें उपकरण ‘चालतें का पाहूं’ म्हणून कधींहि सुरू करूं नये. तारांची तपासणी झाल्यावांचून मुख्य खटकाहि लावूं नये.

मास्तरांची मुलगी पुण्यास असते. ती मोबाईलवर कळविते कीं गेल्या दिवाळींत तिनें घरांत काढलेलीं छायाचित्रें तिच्यापाशीं आहेत. त्यांत मुलें फुलबाज्या उडवीत आहेत आणि त्यांच्यामागें कपाट, पंखा, शिवणयंत्र, तंबोरा सर्व कांहीं उभें आहे. कोणी मुद्दाम न काढलेलीं अशीं चित्रें दाव्यांत फार मोलाचीं ठरतात, कारण पुरापूर्वीं ती वस्तु त्या घरांत होती हें त्यांवरून दिसतें.

त्याच दिवशीं दुसरें काम, कंपनीला कळविण्याचें. मास्तर शाळेंतूनच पॉलिसीवर छापलेल्या क्रमांकावर दूरध्वनि करतात, आणि तेवढ्यावर न थांबतां लेखी पत्रहि पाठवितात. पत्र चारच ओळींचें असतें. पॉलिसीचा क्रमांक, घराचा पत्ता, अमुक तारखेस अमुक वेळीं पुराचें पाणी घरांत शिरलें व अमुक तारखेस उतरलें, इमारत व सामान या दोहोंचें नुकसान झालें असून पाहणीसाठीं माणूस पाठवावा. नुकसानीचा आंकडा पहिल्या पत्रांत नेमका देण्याचें कारण नाहीं, आणि घाईनें दिलेला आंकडा पुढें अडचणीचा होतो. कळविल्यावर दाव्याचा जो क्रमांक मिळतो तो वहींत उतरून ठेवावयाचा. ज्याच्याशीं बोलणें झालें त्याचें नांव, दिवस आणि वेळ यांचीहि नोंद करावयाची. सविस्तर दावा, म्हणजे क्लेम फॉर्म, नुकसान प्रथम दृष्टीस पडल्यापासून ३० दिवसांच्या आंत द्यावा लागतो. घर धुण्यापुसण्यांत महिना सहज निघून जातो, म्हणून ही तारीख दिनदर्शिकेवर ठळक करून ठेवावी.

आतां याद्या. हें काम मास्तरांच्या पत्नीचें, कारण घरांत काय कोठें होतें हें त्यांच्याएवढें कोणास ठाऊक असणार? त्या खोलीवार यादी सांगतात आणि मास्तर लिहितात. वस्तूचें नांव, केव्हां घेतली, किती रुपयांस घेतली, काय पुरावा आहे, दुरुस्त होण्यासारखी आहे कीं पार गेली, असे पांच रकाने. पुष्कळ पावत्या पाण्यांतच गेलेल्या असतात. पण कांहीं दुकानदार आपल्या वहींतून नक्कल काढून देतात. बँकेच्या उताऱ्यांत खरेदीच्या रकमा दिसतात. यंत्रांच्या हमीपत्रांची नोंद कंपनीकडे असते. इमारतीसाठीं गवंडी, सुतार व वायरमन यांच्याकडून निरनिराळे लेखी अंदाज घ्यावयाचे. ‘घराची दुरुस्ती, एकूण रुपये दोन लाख’ अशा एका ओळीच्या अंदाजाला फारशी किंमत येत नाहीं. किती चौरस मीटर गिलावा, किती दारें, किती बिंदूंची वायरिंग आणि काय दर, असें लिहिलेलें असावें.

याद्या करतां करतां दोन गोष्टी अशा निघतात कीं मास्तरांची लेखणी थांबते. पहिली, वडिलांच्या हातची चिजांची वही. तिचीं पानें एकमेकांस चिकटून त्यांचा लगदा झाला आहे. पॉलिसींत हस्तलिखितें, नकाशे, रोखे व इतर कागदपत्रें, नाणीं आणि नोटा यांना जागा नाहीं. दागिने, चांदीचीं भांडीं, कलावस्तु अशा मौल्यवान चिजांचा विमा निराळा मागून घ्यावा लागतो. तेव्हां ती वही यादींत येत नाहीं. तंबोरा येतो, पण तसा नवा तंबोरा घ्यावयास जें पडेल तेवढ्याचाच. तो कोणी छेडला आणि त्याच्या साथीनें कोण गाइलें, याचा रकाना कोणत्याहि फॉर्ममध्यें नसतो. विमा वस्तूंची किंमत परत करतो. त्याच्याकडून त्याहून अधिक अपेक्षा ठेवणारास दुःखच पदरीं येतें, आणि हें आधींच उमजलेलें बरें.

दुसरी गोष्ट निराळ्या तऱ्हेची. स्वयंपाकघरांतला फ्रीज गेल्या हिवाळ्यापासून बंदच होता. दुरुस्तीवाल्यानें हात टेकले होते आणि त्याचा उपयोग डाळी ठेवण्याचें कपाट म्हणून होत असे. शेजारी, कापडाचे व्यापारी, ओट्यावर बसून सहज म्हणतात, “मास्तर, फ्रीज लिहून टाका कीं. पाण्यांत बुडाला हें तर खोटें नाहीं ना? तुम्ही दहा लिहिलेत तर ते सहा देणार. सारे असेंच करतात. कंपनीला त्याचें काय?”

मास्तर लगेच उत्तर देत नाहींत. घरांतला पैसा आटलेला आहे, आणि फ्रीजचे वीस हजार म्हणजे दोन दारें व एक पलंग. रात्रीं शाळेच्या वर्गांत सतरंजीवर पडल्या पडल्या ते ती गोष्ट पत्नीला सांगतात. त्या म्हणतात, “तो बंद होता हें मला ठाऊक, तुम्हांला ठाऊक, आणि त्या दुरुस्तीवाल्यालाहि ठाऊक. एका बंद फ्रीजपायीं चालत्या घराचा दावा कशाला अडकवितां?”

त्यांचें बोलणें व्यवहारालाहि धरून आहे. विम्याचा करार परम विश्वासाचा मानलेला आहे. दाव्यांत खोटेपणा आढळला तर केवळ ती वस्तु वगळतात असें नव्हे. सबंध दाव्यावरचा हक्क जातो, अशी अट पॉलिसींत असते. दहाचे सहा होतात म्हणून सोळा लिहावे, ही समजूत बाजारांत फार पसरली आहे. परंतु पाहणीस येणारा मनुष्य रोज बुडालेलीं घरें पाहत असतो. फुगविलेला एक आंकडा त्याच्या नजरेस आला कीं तो उरलेले खरे आंकडेहि संशयानें पाहूं लागतो, आणि असल्या यादीचा भुर्दंड शेवटीं खऱ्या नुकसानीवर बसतो. मास्तर यादींत लिहितात, ‘फ्रीज, पूर येण्यापूर्वींपासून नादुरुस्त, त्याचा दावा नाहीं.’

पाहणीस जो येतो त्यास सर्व्हेअर म्हणतात. त्याची नेमणूक व मेहनताना कंपनीकडून होतो, पण तो नियामक प्राधिकरणाचा परवाना घेतलेला असतो, आणि दोन्ही पक्षांना न झुकतां नुकसान मोजणें हें त्याचें कर्तव्य. २०२४ सालच्या नियमांप्रमाणें दावा कळविल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमावयाचा, त्याचा अहवाल नेमणुकीपासून १५ दिवसांत मिळवावयाचा, आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीनें निर्णय करावयाचा असतो. महापुरांत एका वेळीं हजारों घरें बुडतात आणि सर्व्हेअर ठराविकच असतात, तेव्हां घरधन्यानें थोडा धीर धरावा हें खरें. पण मुदत कोणती आहे हें त्यास ठाऊक असलें म्हणजे धीर कोठवर धरावयाचा हेंहि कळतें.

सर्व्हेअर येतो तो तरुण असतो. पायांत गुडघ्याएवढे बूट, हातांत मोजपट्टी. मास्तर त्याच्याबरोबर प्रत्येक खोलींत फिरतात. यादीची एक प्रत त्याच्या हातीं, एक स्वतःच्या. तो एका भिंतीपाशीं थांबून विचारतो, “गुरुजी, ही भेग पुराचीच का? कडा जुन्या दिसताहेत.”

मास्तर म्हणतात, “ती आठ वर्षांपूर्वींची आहे. ती धरूं नका. पण खालचा गिलावा बोटानें दाबून पाहा, तो या पाण्यानें सुटला आहे.”

तो दाबून पाहतो आणि लिहून घेतो. यादींतील फ्रीजची ओळ वाचून तो क्षणभर मास्तरांकडे पाहतो व पान उलटतो. त्यानंतर त्याचे प्रश्न कमी होतात. निघतांना मास्तर त्याच्याकडून एवढेंच मागून घेतात कीं, आणखी कोणते कागद हवेत तें आजच लिहून द्यावें. ही मागणी रास्त आहे. दाव्याशीं ज्यांचा प्रत्यक्ष संबंध आहे तेवढेच कागद मागावे, आणि केवळ कागद अपुरे आहेत म्हणून दावा नाकारूं नये, असेंहि त्याच नियमांत सांगितलें आहे. आज एक, आठ दिवसांनीं दुसरा, असे हेलपाटे घालण्याची पाळी आल्यास घरधन्यानें नम्रपणें पण लेखी त्याकडे लक्ष वेधावें.

पाहणी झाल्यावर कांहीं बाबी सहज विसरल्या जातात, त्या येथें सांगितल्या पाहिजेत. चिखल व मोडतोड उपसून नेण्याचा खर्च या पॉलिसींत दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. वास्तुतज्ज्ञ, अभियंता यांची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते. घर राहण्यास अयोग्य झालें असेल तर दुरुस्ती होईपर्यंत दुसरीकडे राहण्याचें भाडें, आणि घर भाड्यानें दिलेलें असल्यास बुडालेलें भाडें, यांचीहि तरतूद आहे. पुरामुळें घर उघडें पडून त्यानंतर ७ दिवसांच्या आंत चोरी झाली, तर तीहि संरक्षणांत येते. मात्र त्यासाठीं पोलिसांत फिर्याद नोंदविलेली असावी. मोटार व दुचाकी मात्र यांत येत नाहींत. त्यांचा विमा निराळा आणि दावाहि निराळा. ज्यांचें गृहकर्ज चालू आहे त्यांच्या पॉलिसीवर बहुधा बँकेचें नांव असतें, आणि इमारतीची रक्कम प्रथम बँकेकडे जाऊं शकते. तेव्हां दावा करतांना बँकेसहि कळवावें, म्हणजे पुढें गोंधळ होत नाहीं.

पुढें एके दिवशीं कंपनीचें पत्र येतें. मास्तरांनीं इमारतीचे १,८०,००० आणि सामानाचे १,३५,००० मिळून ३,१५,००० रुपये मागितले होते. कंपनीनें २,६२,००० देऊं केले आहेत असें समजावें. अशा वेळीं घरधन्यांच्या हातून दोन चुका होतात. कोणी संतापानें पत्र परत पाठवितो. कोणी हताश होऊन ‘पूर्ण व अंतिम फेड’ या शब्दांखालीं न वाचतांच सही करतो. मास्तर दोन्ही करीत नाहींत. रक्कम कोणत्या बाबींत कां कमी केली याचा हिशेब व सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत ते लेखी मागतात. हिशेब आल्यावर दिसतें कीं वायरिंगची एक बाब दोनदां धरली होती, ती चूक खुद्द मास्तरांचीच. ते ती कबूल करतात. परंतु माजघराची दोन दारें मुळींच गाळलेलीं आहेत. तीं फुगल्याचें छायाचित्र व सुताराचा अंदाज जोडून ते फेरविचाराचें पत्र पाठवितात. उरलेला वाद एका आंकड्याचा असतो, तो पत्रव्यवहारानें मिटतो. कंपनीकडून विनाकारण उशीर झाल्यास बँक दरापेक्षां २ टक्के अधिक दरानें व्याज देण्याचें बंधन तिच्यावर आहे, हेंहि जाणून असावें.

सर्वच वाद असे मिटतात असें नाहीं. दावा सर्वस्वीं नाकारला गेला, तर कोणत्या अटीवरून नाकारला हें कंपनीनें लिहून दिलें पाहिजे. त्यावर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावयाची. तेथें दाद लागली नाहीं किंवा महिनाभर उत्तरच आलें नाहीं, तर विमा लोकपालाकडे जातां येतें. पुणें व मुंबई या दोन्ही ठिकाणीं विमा लोकपालाचें कार्यालय आहे. तेथें फी नाहीं, वकिलाची जरुरी नाहीं. साध्या कागदावर हकीकत लिहून पॉलिसी, दावा आणि नकाराचें पत्र यांच्या प्रती जोडाव्या. तक्रार नकारापासून एक वर्षाच्या आंत व्हावी आणि तोच वाद न्यायालयांत किंवा ग्राहक आयोगापुढें चालू नसावा, एवढ्या अटी. लोकपालाला ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देवविण्याचा अधिकार २०२३ सालीं मिळाला, आणि त्याचा निवाडा कंपनीस ३० दिवसांत पाळावा लागतो. ग्राहक आयोगाचा मार्गहि मोकळा असतोच. या सर्व ठिकाणीं जो पहिल्या दिवसापासून कागद राखीत आला, त्याचाच शब्द वजनदार ठरतो.

यावरून दिसून येईल कीं, पुराचा दावा खरोखर पूर येण्यापूर्वींच सुरू होतो. नदी दाराशीं आल्यावर विमा कोणी उतरवून देत नाहीं, आणि पाणी ओसरल्यावर हरवलेल्या पावत्या कोणी छापून देत नाहीं. म्हणून ज्यांचीं घरें नदीकांठीं, ओढ्याकांठीं किंवा शहराच्या सखल भागांत आहेत, त्यांनीं वैशाखांतच एक दुपार या कामास द्यावी. पॉलिसी काढून तिची मुदत पाहावी. इमारत व सामान दोन्ही आहे कीं केवळ इमारत, हें वाचावें. घर वाढविलें असेल, वर एक खोली चढविली असेल, तर रक्कम त्याप्रमाणें वाढवावी. प्रत्येक खोलीचीं चार छायाचित्रें काढून तीं परगांवच्या एखाद्या आप्ताकडे पाठवून ठेवावीं. पॉलिसी, खरेदीखत, घरपट्टीची पावती आणि मोठ्या वस्तूंचीं बिलें एका जलाभेद्य पिशवींत घालून ती जेथें पाणी पोंचणार नाहीं अशा जागीं ठेवावी. आणि ती कोठें आहे हें घरांतल्या एकालाच ठाऊक असूं नये.

मास्तरांच्या घरीं दसऱ्यापूर्वीं नवीं दारें बसतात. भिंती अजून पुरत्या सुकलेल्या नसल्यामुळें रंग पुढच्या उन्हाळ्यावर ठेवलेला असतो. मिरजेहून नवा तंबोरा येतो आणि जुना, भोपळा चिरलेला, भिंतीवर उंच टांगला जातो. चिजांची वही गेली ती गेली. त्यांतील कांहीं चिजा मास्तरांच्या पत्नीला तोंडपाठ असतात. रोज सायंकाळीं दिवा लावल्यावर त्या एक एक सांगतात आणि मास्तर त्या नव्या वहींत उतरून घेतात. ती वही ज्या पिशवींत पॉलिसी आहे त्याच पिशवींत ठेवली जाते.